शेठचे हातमोजे

गाजर गवत उपटायला हातमोजे कशाला, असं मी त्याला एकदा म्हणालो. ते शब्द परत गिळता आले असते तर, असं आजही वाटतं.

मंचरला त्याचं किराणा दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आलेले, पण हा इथलाच. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, शिव्याही मराठीतच द्यायचा. तेव्हापासून सगळे त्याला शेठ म्हणत. मी अवसरी बुद्रुकचा, शेतकऱ्याघरचा. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास जवळच्या वनखात्याच्या राखीव टेकडीवर गाजर गवत असं माजलं की साधं गवत दिसेनासं झालं. लहानपणी आम्ही तिथं करवंदं खायचो. ती करवंदीची जाळी गवताखाली दडपलेली शेठला बघवेना. दर रविवारी सकाळी गवत उपटायला जायचं, ही कल्पना त्याचीच. आम्ही दहा-बारा जण तयार झालो.

पहिल्या रविवारी तो रबरी हातमोजे घालून आला. मला हसू आवरेना.

"शेठ, खुरपायला हातमोजे? आमच्यात नवी नवरीबी घालत न्हाई."

सगळे खिदळले. तोही हसला. मग त्यानं मोजे काढले, नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि माझ्या शेजारी उकिडवा बसून नुसत्या हातांनी उपटायला लागला. मला फार बरं वाटलं. शेठ आपल्यातला झाला, असं वाटलं. पिढ्यानपिढ्या तण काढणारे आम्ही. हे तण आमच्या ओळखीचं नाही, हे डोक्यातच आलं नाही.

तीन पावसाळे त्यानं एकही रविवार चुकवला नाही. चौथ्या वर्षी खाज सुटली. आधी पापण्या, मग मान, मग कोपरांच्या घड्या. मी म्हणालो, "दुकानात बसणारा तू, उन्हाची सवय न्हाई." पुढं कातडी काळी, जाड झाली, तिला चिरा पडल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी या गवताची अ‍ॅलर्जी सांगितली आणि टेकडी बंद केली. पण गवत काय टेकडीवरच होतं? दुकानामागं, एसटी स्टँडवर, रस्त्याच्या कडेला, जिथं तिथं तेच. शेठ दारं-खिडक्या लावून आत बसू लागला. मी भेटायला जायचो ते आंघोळ करून, कपडे बदलून. तरी लांबच बसायचो.

शेवटी डॉक्टर म्हणाले, हे गवत नसेल तिथं राहा. घरच्यांनी त्याला आजोबांनी सोडलेल्या वाळवंटातल्या गावी, भावकीत पाठवलं. दुकान मुलानं घेतलं. त्या गावी तो जन्मात दोनदा गेला असेल, तेही लग्नापुरता.

रविवारी त्याचा फोन यायचा. "बोल राव काहीतरी," म्हणायचा. "इथं मराठी कानावर पडत न्हाई." मी टेकडीच्या बातम्या द्यायचो. एकदा करवंदीची जाळी मोकळी झाल्याचं सांगितलं. त्यानं विचारलं, "आता पोरं हातमोजे घालतात का रं?"

"घालतात. सगळीच."

"म्हंजे मीच शहाणा व्हतो की." आणि हसला.

माफी मागायची ती वेळ होती. अगदी ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "तिकडं पाऊस झाला का?"

"इथं कुठला पाऊस," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो गेला. मुलानं दुकानातच मला सांगितलं, मग आतून एक पिशवी आणून हातात दिली. "पप्पा म्हणाले होते, काकांना दे. त्यांच्या हाताला काय व्हायला नको."

पिशवीत ते हातमोजे होते. त्यानं घातलेली घडी तशीच होती.

पुढच्या रविवारी मी ते टेकडीवर नेले. इतक्या वर्षांत रबर चिकटून बसलं होतं, बोटं आत जाईनात. बराच वेळ खटपट केली. शेवटी नुसत्या हातांनीच उपटत राहिलो. माझ्या हातांना काही झालं नाही. मला कधीच काही झालं नाही.