शालिकभाऊंच्या जीपचे ॲक्सल

मी जीपखाली आडवा पडलो होतो. वनिता फाटकाजवळ उभी राहून रस्त्याकडे पाहत होती.

"काकाजी, लवकर करा जी. मामाजी आले त मोठी पंचाईत होईन."

वनिता म्हणजे शालिकभाऊंची सून. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. शालिकभाऊंना शेजारच्या माणसाबरोबर दाढी करायला पाठवलं होतं. ते येईपर्यंत मला त्यांच्या जीपचे मागचे दोन्ही ॲक्सल काढायचे होते. गाडीत बिघाड काहीच नव्हता. गाडी चांगली चालत होती, अडचण तीच होती.

मी आणि शालिकभाऊ चिखल्याच्या खाणपट्ट्यात एकाच ट्रान्सपोर्टमध्ये नोकरीला होतो. ते ड्रायव्हर, मी गॅरेजचा मेकॅनिक. त्यांनी लिलावात ही जुनी मिलिटरीची जीप घेतली आणि पोरासारखी सांभाळली. दोघंही रिटायर होऊन नाकाडोंगरीतच राहिलो. मग त्यांचा विसरभोळेपणा सुरू झाला. आधी नावं गेली, मग जेवल्याची आठवण जायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कमी होणार नाही, वाढतच जाणार.

पण हात काही विसरले नव्हते. पहाटे उठून ते "ड्युटीले चाललो" म्हणून जीप काढायचे. एकदा आंधळगावच्या रस्त्याला सापडले, गाडी धानाच्या बांधावर चढवून शांत बसलेले. एकदा उलट्या बाजूने आले आणि एक सायकलवाला नालीत जाऊन पडला. खरचटण्यावर निभावलं. वनिताचा नवरा दिलीप टिप्परवर असतो, आठवडा आठवडा घरी नसतो. सगळं तिच्या डोक्यावर.

तिने चावी लपवली. शालिकभाऊंनी वायर जोडून गाडी चालू केली. तिने बॅटरी काढून घेतली. तेव्हा मात्र त्यांचं रूपच बदललं. जेवण सोडलं. बॅटरी शोधत गावभर फिरले. एक दिवस हायवेपर्यंत पायी गेले. इंजिनचा आवाज ऐकला की ते शांत व्हायचे, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून बॅटरी परत बसवून ती माझ्याकडे आली.

"काकाजी, गाडी चालू त झाली पाहिजे, पण हलली नाही पाहिजे. असं होते का?"

"होते," मी म्हटलं.

कसं होतं ते सांगतो. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे येते. तो प्रॉपेलर शाफ्ट. मागच्या दोन चाकांच्या मधोमध मडक्यासारखा फुगवटा दिसतो, त्याला आम्ही डिफरन्स म्हणतो. त्यातून दोन बाजूंना दोन सळया निघतात आणि चाकं फिरवतात. ते ॲक्सल शाफ्ट. ते बाहेर ओढून घेतले की इंजिन चालू होतं, गिअर पडतो, आतलं सगळं फिरतं, पण चाकाला काही कळत नाही.

प्रत्येक गाडीत हे करू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये चाक ॲक्सललाच लटकलेलं असतं. ॲक्सल आला की चाकही आलं. या जीपचं चाक मात्र स्वतःच्या बेअरिंगवर बसतं. ॲक्सल नुसता फिरवायचं काम करतो. शिवाय पुढच्या चाकांना ओढ देणारा शाफ्ट शालिकभाऊंनी डिझेल वाचवायला केव्हाच काढून टाकला होता. त्यामुळे मागचे दोन निघाले की काम संपलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. या जीपचा हँडब्रेक चाकाला पकडत नाही, प्रॉपेलर शाफ्टला पकडतो. म्हणजे ॲक्सलबरोबर हँडब्रेकही जाणार. गिअरमध्ये टाकून ठेवली तरी गाडी थांबणार नाही. फक्त पायाचा ब्रेक उरणार. आणि जीप उभी होती उतारावर, मोहाच्या झाडाखाली, तोंड खाली बोडीकडे, म्हणजे गावच्या तळ्याकडे. बॅटरी कमजोर असली की उतारावर सोडून चालू करायची, ही जुन्या ड्रायव्हरची सवय. ती जागा बदलली की ते आरडाओरडा करायचे. गॅरेजला न्यायची सोयच नव्हती. शालिकभाऊ मागे मागे चालत आले असते. मी चारही चाकांना मोठे दगड लावले आणि वनिताला सांगितलं, "हे दगड हलले नाही पाहिजेत."

उजवीकडचा ॲक्सल सहज निघाला. त्या बाजूने गाडी जॅकवर थोडी उचलली होती, म्हणजे डिफरन्समधलं तेल बाहेर येत नाही. भोकावर पत्र्याची चकती कसली. डावीकडचा मात्र अडकला. बोल्ट निघाले, पण ॲक्सलच्या तोंडाची थाळी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, चिकटून बसली होती. मी हातोडीने तिच्या कडेला ठोकायला लागलो. लोखंडाचा आवाज सकाळच्या गावात लांबवर जातो, हे ध्यानात राहिलं नाही.

"कोण ठोकून राहिला रे माह्या गाडीले?"

शालिकभाऊ फाटकात उभे होते. एका गालावर साबण तसाच. मागून शेजारी धापा टाकत आला. वनिताने तोंडाला पदर लावला.

मी हातोडी खाली ठेवली. शालिकभाऊ माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले, हबकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम जुना झाला.

"डावीकडची अटकतेच. ठोकू नको, थाळी फुटन. दोन बोल्ट आण लांबवाले."

थाळीला आट्यांची दोन रिकामी भोकं असतात. त्यात बोल्ट कसले की ते मागे टेकतात आणि थाळी आपोआप पुढे सरकते. मीही आता तेच करणार होतो. पण मी बोल्ट त्यांच्या हातात दिले. त्यांनी पाना घेतला आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं कसत गेले. गालावरचा साबण वाळत होता. कट्ट आवाज झाला, थाळी सुटली. त्यांनी दोन्ही हातांनी ॲक्सल ओढून बाहेर काढला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला, दाते निरखून पाहिले.

"चांगला त हाये. कायले काढला?"

"तेलाचं सील लीक आहे, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी हबमध्ये बोट फिरवलं. बोट कोरडंच होतं. ते माझ्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात वनिताने "मामाजी, चहा" म्हणून हाक मारली आणि ते उठले. चहा पिईपर्यंत सगळं विसरले.

दोन्ही ॲक्सल ग्रीस लावून पोत्यात घातले आणि धान साठवायच्या ढोलीमागे लपवले.

वनिताला वाटलं होतं, आता सुटका झाली. मलाही तसंच वाटलं. पहिल्या दिवशी शालिकभाऊ जीपमध्ये बसले, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, गाडी जागची हलली नाही. ते उतरले, खाली वाकून पाहिलं. पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. पण ते शांत झाले नाहीत. गाडीचं काहीतरी चोरीला गेलंय हे त्यांना कळत होतं, काय गेलंय ते सांगता येत नव्हतं. मग त्यांनी चोर शोधायला सुरुवात केली. आधी शेजारी. मग दिलीप. शेवटी वनिता.

"माह्या घरात चोर हाये," ते तिच्या तोंडावर म्हणायचे. ती भाकरीचं ताट ठेवायची, तर ताटाकडे संशयाने पाहायचे.

"काकाजी, गाडी घेऊन जात होते थेच बरं होतं," ती मला एकदा म्हणाली. "तवा भेव वाटे. पण मले चोर त नव्हते म्हणत."

मी ढोलीमागे जाऊन पोतं जागेवर आहे का ते पाहिलं. मेकॅनिकला पार्टाचंच उत्तर देता येतं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. नुसतं "बोडीवर या, बोडीवर या" एवढंच ओरडत होती. मी तसाच अनवाणी धावलो. जीप झाडाखाली नव्हती. उतारावर चाकांच्या रेषा खाली गेल्या होत्या. शालिकभाऊंनी बसण्याआधी चाकांचे दगड काढले होते. कोणीही ड्रायव्हर काढेल. ते आत बसताच गाडी आपसूक सुटली. बोडीच्या काठाला पुढची चाकं चिखलात रुतली होती आणि गाडी तिथे उभी होती. पाण्यात जाळं टाकणारे दोघं-तिघं काठावर येऊन पाहत होते. शालिकभाऊ स्टिअरिंग धरून बसले होते. उजवा पाय ब्रेकवर गच्च.

"भाऊ, लागलं का?"

"नाही. ब्रेक मारला ना." मग माझ्याकडे वळून अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "उत्तम, हिच्यात ॲक्सल नाहीत. गिअरमधी असून न्यूट्रलसारखी पळून राहिली. कोणं काढले?"

कित्येक महिन्यांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. वनिता मागे उभी राहून रडत होती. सीलची थाप माझ्या जिभेवर होती. पण ब्रेकवर तसाच दाबलेला त्यांचा पाय पाहिला आणि ती बाहेर पडली नाही.

"मी काढले, भाऊ. तुमी होते संगं. डावीकडचा तुमीच काढून देल्ला."

"काहून?"

"तुमी गाडी घेऊन जाता आणि मंग रस्ता विसरता म्हणून."

"कोणाले ठोकलं का मी?"

"नाही. एक सायकलवाला वाचला."

त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"मले नाही आठवत," ते म्हणाले.

"थेच त, भाऊ."

जाळेवाल्यांपैकी एकजण दगड आणायला गेला. आम्ही चाकांना दगड लावले तेव्हा कुठे त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. खाली उतरले. वनिताजवळ जाऊन उभे राहिले. मग मला विचारलं, "ॲक्सल कुठं ठेवले?"

घरी जाऊन मी ढोलीमागचं पोतं ओढून काढलं. त्यांनी ते उघडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा रागावले.

"पोत्यात आडवे टाकून ठेवले? वाकन ना! मेकॅनिक हायेस का कोण?"

त्यांनी स्वतः दोर आणला आणि दोन्ही ॲक्सल सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, आढ्याला शेजारी शेजारी उभे टांगले. थोडं हलवून पाहिलं, गाठ पक्की आहे का ते तपासलं. मग आम्ही ट्रॅक्टर लावून जीप वर आणली आणि गोठ्यापुढच्या सपाट जागेत उभी केली. यावेळी ते ओरडले नाहीत.

मला वाटलं, उद्या हे सगळं विसरतील आणि पुन्हा चोराचा शोध सुरू होईल. विसरले खरंच. बोडी, ब्रेक, आमचं बोलणं, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. ते ड्युटीवर निघाले होते, टोपी घालून. सपरीत आले आणि टांगलेले ॲक्सल पाहून थांबले. एकाला हात लावला. बोटाला लागलेलं ग्रीस दुपट्ट्याला पुसलं.

"गाडी रिपेरिंगच्या कामावर हाये वाटते," ते वनिताला म्हणाले.

"हाव, मामाजी."

"मंग राहू दे. मेकॅनिकले घाई नको करू म्हणा."

आणि अंगणात खाटेवर जाऊन बसले. तिने चहा दिला, तो घेतला.

ज्या ड्रायव्हरने आयुष्य गॅरेजच्या दारात काढलं, त्याला सुटा पार्ट टांगलेला दिसला की गाडी मागायची नसते, हे शिकवावं लागत नाही. आता रोज सकाळी तेच होतं. कधी कधी जीपमध्ये बसून इंजिन चालू करतात, आवाज ऐकतात, बंद करतात. गिअर टाकत नाहीत. चोर हा शब्द वनिताने त्यानंतर ऐकलेला नाही. दिलीप म्हणतो, जीप विकून टाकू. मी म्हटलं, थांब.

गॅरेजमध्ये नव्या पोरांना मी एक गोष्ट नेहमी सांगायचो. काढलेला पार्ट मालकाच्या डोळ्यासमोर ठेवायचा. मालकाला त्यातलं काही कळत नसलं तरी ठेवायचा. आणि मालकाला आता काहीच कळत नाही असं सगळे म्हणत असले, तर आधी ठेवायचा.