मातामायपुढची खोकी

चैतरामकडं दोनच काडतुसं उरली होती, तीही बापाच्या काळातली. आणि धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या.

रायफल फौजेतून बाद झालेली, थ्री नॉट थ्री. बापानं, उदारामनं, लिलावात घेतली. लायसन पुढं चैतरामच्या नावावर झालं. रानडुकरं मारायचा वनखात्याचा कागद आला की देवरीकडच्या त्याच्या गावात बोलावणं त्यालाच. डुक्कर पडलं की उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळी खोकं तलावाच्या बांधावर, पाळीवर, मातामाय देवीपुढं, तोंड खाली करून रोवायचं. हा उदारामचा रिवाज. नेम चुकला तर नाही. आता तिथं एकसष्ट खोकी उभी होती.

गोंदियाचा काडतुसांचा जुना दुकानदार खोकी मागत नसे. त्याचा मुलगा फोनवरच म्हणाला, "खाली खोके जमा करो चाचा, तभी नया मिलेगा. नियम है."

चैतराम पाळीवर बसून खोकी उपटू लागला. बायको, रुख्माबाई, घागर घेऊन तिथंच थबकली.

"काऊन उपटून राहिले? मायले देल्लं कोनी वापस घेते का?"

"मंग नंदाचं धान तू राखशीन? तुया आवाजानं पळतीन डुकरं."

"मा आवाजानं पळत असते, तं तुमी पयले पळाले असते."

तो हसला, पण हात थांबवला नाही. नंदाबाई त्याची विधवा बहीण. जंगलाला लागून तिचं अर्धा एकर. वर्षभराचं खाणं तेवढंच.

गोंदियात दुकानदाराच्या मुलानं थैलीतलं एक खोकं काढून अंगठ्यानं घासलं.

"चाचा, ये माल तो दो साल से आता ही नहीं."

"मंग खोके कायले मांगले?"

"नियम बताया. मुझे क्या पता, आप सच में उखाड़ लाओगे! बंदूक थाने में जमा कर दो."

परत येऊन चैतराम खोकी रोवायला बसला. मधल्या पावसानं भोकं बुजली होती, माती लोण्यासारखी झाली होती. खोकी उभीच राहीनात. शेवटी त्यानं ती तशीच आडवी ठेवली. रुख्माबाई पाणी घेऊन बाजूनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, दिवस बुडता बुडता, नंदाबाईची हाक आली. सात-आठ डुकरं धानात शिरली होती. चैतराम शेताच्या कडेला धुऱ्यावर टेकला, नेम धरला, घोडा ओढला. नुसतं खट्. दुसरं काडतूस भरलं. तेही खट्. डुकरांनी माना वर केल्या नाहीत.

"राहू दे, दादा," नंदाबाई म्हणाली आणि डबा बडवत चिखलात उतरली.

सकाळी तो पाळीवर गेला तेव्हा ती दोन काडतुसं खिशात होती. मातामायपुढं ठेवावीत तर ती रिकामी नव्हती, आणि डुक्कर तर पडलंच नव्हतं. खिशातच ठेवून तो नंदाच्या धानाच्या बांधीकडं गेला. तुडवलेलं धान ती बैलांसाठी कापत होती. त्यानं विळा मागितला.