मुनियम्माचा खांदा

माझे आजोबा बिंदुमाधव बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या पेन्सिली हाताळत मी इंजिनीअर झाले, पण त्यांचा जीव अडकलेला असे तो कारखान्याच्या फिल्म क्लबमधल्या चावीच्या कॅमेऱ्यात. त्यावर त्यांनी एकच मूकपट काढला. ती फीत परवा मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि आजीनं सांगितलेलं सगळं पुन्हा आठवलं.

गोष्ट एकसष्ट सालची. तेव्हा अण्णा राहत त्या चामराजपेटेत दूध पिशवीतून येत नसे, गायच दारात येई. पुढे गवळण मुनियम्मा, मागे तिची गाय गौरी. गौरीचं वासरू तापानं गेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून मुनियम्मा ते खांद्यावर घेऊन हिंडे. दारात खाली ठेवलं की गौरी त्याला चाटायची, पान्हा सोडायची, मग धार. गल्लीला त्याचं नवल नव्हतं. अण्णांना मात्र रोज वाटे. मराठी मंडळाच्या संमेलनासाठी त्यांनी तेच टिपायला घेतलं : गाय, पेंढ्याचं वासरू आणि कोवळं ऊन.

बरंच चित्रण झाल्यावर मुनियम्मानं विचारलं, "हे कोण बघणार, अण्णा?"

"सगळं मंडळ. मोठ्या पडद्यावर."

"मग वासरू दाखवू नका. आपल्या गल्लीला ठाऊक आहे, ते तापानं गेलं. तिथले लोक म्हणतील, दुधाच्या लोभानं उपाशी मारलं."

"अगं, तेच तर काव्य आहे!"

"काव्य तुमचं. नाव माझं जाईल."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या खांद्यानं आली. वासरू मुद्दाम घरी ठेवलेलं. गौरीनं इकडेतिकडे पाहिलं, हंबरली आणि पान्हा चोरून उभी राहिली. माझी आजी वसुमती तपेली घेऊन दारात.

"आज कॉफी मिळायची, की सिनेमाच प्यायचा?"

"स्वल्प थांबा, अक्का," मुनियम्मा म्हणाली खरी, पण तिचाच चेहरा उतरला होता. पुढची घरं खोळंबली होती. गौरीच्या गळ्याखाली खाजवत ती काहीबाही पुटपुटत राहिली. गौरीनं मान वळवली. रोज वासरू जिथं असे, तो खांदा हुंगला आणि चाटायला लागली. आधी लुगड्यावरून, मग मानेवरून. मुनियम्मा डोळे मिटून तशीच उभी. खाली सडांतून दूध ठिबकू लागलं.

अण्णांच्या कॅमेऱ्यात फिल्मचा शेवटचा तुकडा उरला होता. तो तिथंच संपला.

संमेलनाला मुनियम्मा आजीशेजारी अंग चोरून बसली. काय ठेवलं, काय कापलं, हे अण्णांनी घरातही सांगितलं नव्हतं. पडद्यावर गल्ली आली, गौरीची शिंगं आली, ऊन आलं. मग तो खांदा. मग नुसता पांढरा पडदा.

"अक्का, संपलं?"

"संपलं गं."

"वासरू?"

"नाहीच आलं."

मंडळाचे चिटणीस भगवंतराव उठले. "सुरेख! पण अण्णा, गाय खांदा का चाटते, ते काही कळलं नाही हं."

"राहू द्या, भगवंतराव," अण्णा म्हणाले.

मुनियम्मानं कोंडलेला श्वास सोडला, पदरानं डोळे पुसले, आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमची गौरी कशी अंगानं भरलेली दिसते, नाही?"