दिनेशला आवाज नको होता

पत्रकाराकडे किस्से साठतात, कारण ते बातमीत बसत नाहीत. बातमीला कोण, कुठे, कधी, सगळं लागतं. किश्शाला यातलं निम्मं असलं तरी भागतं. आमच्या पेणच्या टोळक्याकडे असा माल भरपूर आहे. टोळकं म्हणजे मी, फोटोग्राफर बाळू आणि रोह्याहून बातम्या पाठवणारा दिनेश. अड्डा नितीनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, कारण तिथे चहा मिळतो आणि ऊठ म्हणणारं कुणी नाही. अलीकडे आमचे सगळे किस्से एकाच वस्तूभोवती फिरतात : पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा!

*

दिनेशचे वडील, आबा, डोलवीच्या पोलाद कंपनीतून रिटायर झालेले. घरी बसून जीव रमेना, म्हणून दिनेशने टीव्हीला एक छोटा कॉम्प्युटर जोडून दिला. जुने सिनेमे, भजनं, कुस्त्या, काय हवं ते. नितीनने तो जुन्या पार्टांतून उभा केला होता. त्यातला पॉवर सप्लाय हमरापूरच्या एका गणपती कारखान्यातून आलेला.

नितीनने तो उघडून ब्लोअर मारला. आतून प्लास्टरची धूळ अशी निघाली की नितीन नखशिखांत पांढरा! नुसती सोंड लावायची बाकी होती. बाळूने काढलेला तो फोटो अजून दुकानात आहे. गिऱ्हाइकं हात जोडतात.

धूळ गेली, पण पंख्याची घरघर गेली नाही. नितीन बदलून देणार होता. आबाच म्हणाले, "ऱ्हाव दे. घरात कोन तरी हाय असा वाटतं."

*

मग दिनेशची बातमी आली. रोह्याजवळच्या एका ओढ्यात अंधार पडल्यावर कारखान्यांच्या सांडपाण्याचे टँकर रिकामे होतात आणि ते पाणी पुढे कुंडलिका नदीत जातं, एवढा पहिला भाग. टँकर कुणाचे, ते दुसऱ्या भागात येणार होतं.

पहिला भाग छापून आला त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, त्याच्या फाटकासमोर एक बाईक थांबली. वर दोघे. इंजिन चालू. कुणी उतरलं नाही, कुणी बोललं नाही. थोडा वेळ घराकडे बघत बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, आणि मग येतच राहिले.

पहिल्या दिवशी हे पाहिलं ते दिनेशच्या बायकोने, वैशालीने. ती अंगणातले कपडे काढत होती. दिनेश पाच पावलांवर आतल्या खोलीत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी त्याला घेऊन पोलिसांकडे गेलो. साहेबांनी विचारलं, "ते काही बोलले का?"

"नाही."

"मग तक्रार कसली लिहू? रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?"

मी म्हटलं, "साहेब, उद्यापासून ती गाडी तुमच्या घरासमोर थांबू दे. मग आपण रस्त्याच्या मालकीचं बोलू."

दिनेशने मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर आलो तर संपादकांचा फोन. दुसरा भाग कधी येतोय, म्हणून विचारत होते. मी बाईकचं सांगितलं. त्यात बातमी काय आहे, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. माणूस उभा आहे तोवर बातमी होत नाही. आडवा झाला की होते, तीसुद्धा आतल्या पानावर!

*

दोन दिवसांनी दिनेश दुकानात आला तो थेट नितीनसमोर उभा राहिला.

"पॉवर सप्लाय बदल. आवाज अजिबात नको."

नितीनला असं गिऱ्हाईक मिळालं की तो सुटतो. त्याने समजावलं : तुझा कॉम्प्युटर वीज खातो चिमूटभर. त्याला बारका डबा घेतलास तर त्यात पंखाही बारका, तो जोरात फिरतो आणि किरकिरतो. मोठा घेतलास तर पंखा रुंद, सावकाश फिरणारा. काही डब्यांत तर काम कमी असलं की पंखा सुरूच होत नाही.

"आणि झाला सुरू तर?"

"एप्रिल-मेमध्ये होईल कधीतरी."

"मग नको."

बाळूला राहवलं नाही. "अरे, आबा कुस्त्या लावून घर डोक्यावर घेतात ते चालतं, आणि पंख्याची फुरफुर चालत नाही?"

दिनेश म्हणाला, "टीव्हीचा आवाज रिमोटने बंद होतो. पंखा होत नाय."

आम्ही हसलो. शहाणी माणसं आम्ही!

*

पेणच्या बाजारात शांत पॉवर सप्लाय तपासायचा तरी कुठे? समोर रिक्षा, शेजारी पापडाच्या पिठाची चक्की. तालुक्यातली सगळ्यात शांत जागा म्हणजे पुढाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारल्यानंतरची पत्रकार परिषद, पण ती रोज नसते. म्हणून नितीनने मागच्या गोदामात थर्माकोलच्या खोक्यांमध्ये टेबल मांडलं, शटर ओढलं आणि आम्ही चौघे खोक्यांवर श्वास रोखून बसलो.

पहिला डबा बिनपंख्याचा होता. दिनेश म्हणाला, शिट्टी वाजतेय. आम्हाला तिघांना काही ऐकू येईना. नितीनने कान अगदी चिकटवला तेव्हा कुठे त्याला पटलं. आतली कॉइल बारीक किणकिणत होती. "तुझा कान आहे की काय आहे?" तो म्हणाला.

मग दुसरा. लॅपटॉपला असतो तसा बाहेरचा अॅडॉप्टर आणि कॉम्प्युटरच्या आत बोटभर लांबीचं सर्किट. पंखा नाही, कॉइल वाजत नाही. नितीनने बटण दाबलं. दिवा लागला. आवाज शून्य. तेवढ्यात बाळूचं पोट गुरगुरलं आणि नितीन म्हणाला, "हा नाही, तो बाळूचा सप्लाय आहे."

हसू ओसरायच्या आत दिनेशने हात वर केला.

"गाडी."

आम्ही कान दिला. काही नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "गाडी थांबली."

आणि शटरवर थाप पडली.

बाहेर कुरियरवाला होता. नितीनने पार्सल घेतलं, सही केली, तो गेला. आम्ही वळून पाहिलं तर दिनेश भिंतीला पाठ लावून उभा. त्याच्या मुठीत नितीनचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर. नितीनला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याला आवाज का नको होता, ते आम्हाला तेव्हा कळलं.

"हाच दे," दिनेश म्हणाला.

*

बसवायला नितीनबरोबर मीही रोह्याला गेलो. जुना डबा निघाला, नवं सर्किट बसलं, टीव्हीवर सिनेमा दिसू लागला. आवाज अजून जोडायचा होता. घरात एकदम शांतता झाली.

आबा मागच्या दारी होते. ते आत आले, पडद्यावर हलती चित्रं बघितली, कान टवकारले आणि वैशालीचा हात धरून थेट अंगणात! "बाहेर चल गो! सगले बाहेर या!"

आबांची सगळी नोकरी भट्टीजवळ गेलेली. तिथे मोठा ब्लोअर अचानक गप्प झाला की कारण विचारत बसायचं नसतं, पळायचं असतं. अंगणात उभे राहून ते नितीनवर डाफरले, "चालू हाय तर वाजत का नाय?"

"आबा, नवीन हाय. वाजतच नाय."

"न वाजनाऱ्या मशीनीचा भरोसा नाय मना."

दिनेश हसला. कितीतरी दिवसांनी.

*

त्यानंतर रोज दिवेलागणीला दिनेश रिमोटने टीव्ही मुका करायचा आणि खिडकीजवळ बसायचा. आता त्याला बाईक वळणावर असतानाच कळायची. ओटीवरच्या आबांना आत घ्यायला, कडी लावायला वेळ मिळायचा. बाईक यायची, थांबायची, जायची. आठवडाभर हे जमलं आणि त्याने मला फोन करून सांगितलं, "भाऊ, आता ऐकू येतं. मी पाठवतो."

दुसरा भाग छापून आला. टँकरच्या मालकाच्या नावासकट.

त्या संध्याकाळी आम्ही तिघेही त्याच्याकडे जाऊन बसलो. टीव्ही मुका. पडद्यावर दोन पैलवान आवाज न करता एकमेकांना लोळवत होते. आबा बाजेवर बसून त्यांना डाव सांगत होते. वैशालीने चहा आणला, कुणी प्यायलं नाही. वळणावर काही वाजलं नाही. अंधार पडला. बाईक आलीच नाही.

बाळू म्हणाला, "घाबरले वाटतं."

तेव्हा दिनेशचा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्याने स्पीकर लावला. आवाज मऊ होता, अगदी अदबीचा.

"दिनेशभाऊ, नवीन मशीन बसवलंत, बरं केलंत. आधीच्याची फार घरघर व्हायची हो. खिडकीखाली उभं राहिलं तरी आबा काय बोलतात ते नीट कळायचं नाय."