चेस्टरला जायची दहा कारणं

चहा घ्या, आधी चहा घ्या. माझ्या हातून जे झालं ते रिकाम्या पोटी ऐकण्यासारखं नाही. आणि मधे मधे "मग तू असं केलंसच का?" असं विचारू नका, कारण ते मला अजून कळलेलं नाही. माणूस दमला की तोंडाला येईल ते बोलतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

गोष्ट अर्विंगची, टेक्सासमधली. ऐंशीच्या दशकातलं अर्विंग. आता तिथे चौकाचौकात डोसा मिळतो म्हणे. तेव्हा कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी पाऊण तास ड्राइव्ह करावा लागायचा आणि घरी येईपर्यंत उन्हाने ती मान टाकायची. माझीही अवस्था साधारण तीच होती.

अमरावतीची पाटबंधारे खात्यातली पक्की सरकारी नोकरी सोडून मी अमेरिकेत आलो होतो. हॉलिस नावाच्या माणसाची नऊ जणांची कंपनी. तिथे सकाळी सात ते संध्याकाळी सात उभं राहून गटारांचे नकाशे काढायचो. इंजिनियर म्हणून घरी पत्रात लिहायचो, पण गटारं ती गटारंच. पाय सुजायचे. रविवारी झोपायचो ते सोमवारीच उठायचो. बायको, शैला, म्हणायची, "अहो, तुमच्याशी बोलायला मी नंबर लावून ठेवू का?"

आता हे कशासाठी सहन करायचं? ग्रीन कार्डासाठी. त्या काळी त्याची रीत सोपी होती आणि म्हणूनच भयंकर होती. कंपनीच्या मालकाने कागदावर सही करून सांगायचं की हा माणूस मला हवाच आहे, ह्याच्यावाचून माझं अडतं. बस. माझा व्हिसा मार्चमध्ये संपत होता. सही झाली तर राहायचं, नाही झाली तर सामान बांधायचं. अमरावतीची नोकरी तर गेलेली. परत जाऊन करणार काय, सासऱ्यांच्या ओट्यावर बसून पेपर वाचणार?

माझे कागद हॉलिसच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये तीन महिने पडून होते. हॉलिस तसा वाईट नव्हता हो. सहा फूट उंच, पायात बूट, ते बूट टेबलावर, आणि हातात बर्फ घातलेल्या गोड चहाचा हंडाभर ग्लास. मी आठवण केली की म्हणायचा, "नेक्स्ट वीक, विन." माझं नाव विनायक, पण त्याला तेवढा वेळ नव्हता.

एक दिवस संध्याकाळी त्याने बोलावलं. मला वाटलं, सहीच. कपाळाचा घाम पुसून आत गेलो.

"विन, तू इंडियातून आलास तेव्हा इंग्लंडवरून आलास ना?"

"यस सर."

"माझ्या बायकोचे, मार्जचे, पणजोबा तिकडच्या चेस्टरचे. बावीस वर्षं झाली, दर उन्हाळ्यात म्हणते चेस्टरला चल. मला यंदा मासे धरायला जायचंय. तू पाहिलंयस का ते चेस्टर?"

मी इंग्लंड पाहिलं होतं ते लंडनच्या विमानतळावरच्या खुर्चीतून. सहा तास. त्यातले चार झोपेत. तेव्हा 'नाही' म्हणायचं, दोन अक्षरं. पण तुम्ही आमच्या अमरावतीत कोणालाही पत्ता विचारून बघा. 'माहीत नाही' म्हणणारा माणूस भेटला तर मला कळवा, मी त्याच्या पाया पडायला येईन. माहीत नसलं तरी आपण हात करून रस्ता दाखवतोच. त्यात ट्रेमधले कागद मला दिसत होते.

"पाहिलंय ना सर," मी म्हणालो. "फार सुंदर."

"अस्सं? मग मला एक कारण सांग तिथे जायचं. एक."

"एक कशाला सर, दहा देतो."

हे कोण बोललं? मीच. माझंच तोंड. हॉलिसने टेबलावरचे पाय खाली घेतले. "दहा? ग्रेट. शुक्रवारी टाइप करून आण."

गुरुवारी संध्याकाळी सुजलेल्या पायांनी गावच्या लायब्ररीत गेलो. चेस्टरवर एकच पुस्तक निघालं. कोण्या म्हाताऱ्या बाईने दान दिलेलं, लायब्ररीने हिरव्या जाड कापडात पुन्हा बांधलेलं. पहिली दोन-चार पानं गायब. पण आत काय माल होता म्हणून सांगू. सगळ्या शहराभोवती रोमन लोकांच्या वेळेपासूनचा तट, आणि त्या तटावरून चालत पूर्ण फेरी मारता येते. दुकानांच्या वर दुकानं, लाकडी सज्जे, पाऊस आला तरी वरच्या मजल्यावरून छपराखालून कोरडं फिरावं. लाल दगडाचं मोठं चर्च. नदी. नदीतून बोटीने गेलं की काठावर एका उमरावाचा राजवाडा, बाग बघायला मिळते. स्टेशनवर उतरलं की समोर ट्राम, ती थेट गावातून पलीकडच्या टोकापर्यंत.

घरी येऊन मी सांगत गेलो आणि शैलाने टाइप केलं. "तटावर सकाळी लवकर जावे, मी स्वतः तसेच केले," असं मी सांगितल्यावर तिची बोटं थांबली.

"अहो, तुम्ही कधी केलंत?"

"तू टाइप कर."

नऊ कारणं झाली. दहावं सुचेना. पुस्तक संपलेलं, डोळे मिटत होते. शेवटी मला त्या घडीला जगात जे हवं होतं तेच सांगून टाकलं: 'दहा. नदीकाठी बाकावर बसले तर दुपारभर कोणी येऊन तुमच्याकडे काही मागत नाही.' आणि खुर्चीतच झोपलो.

शुक्रवारी हॉलिसने तो कागद दोनदा वाचला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. "विन, हे दहावं खरं आहे?"

"हंड्रेड पर्सेंट, सर."

झालं. मासे राहिले बाजूला. त्यानंतर रोज दुपारी माझी हजेरी. ट्राम किती वेळाने असते? दर दहा मिनिटांनी, सर. राजवाड्यात चहा मिळतो का? उत्तम मिळतो. सोबत काय? केक. कसला केक? मनुकांचा. एकदा खोटं सुरू केलं की ते पोरासारखं रोज खायला मागतं. मी दिवसभर गटारं काढायचो आणि संध्याकाळी चेस्टर वाचायचो. आणि सही? "परत आलो की पहिलं काम तेच, विन." कागद ट्रेमध्येच ठेवून नवराबायको दोन आठवड्यांसाठी निघून गेले, माझी यादी खिशात घालून.

तीन दिवसांनी गजभिये जेवायला आला. गजभिये म्हणजे नागपूरचा, अर्विंगमध्येच एका प्रयोगशाळेत केमिस्ट, माझा एकुलता एक मित्र. आयुष्यभर बाटल्यांवरची लेबलं वाचून त्याला सवय लागलेली, हाती येईल ते उलटून-पालटून बघायची. भाकरी होईपर्यंत त्याने ते हिरवं पुस्तक उचललं. एकेक पान डोळ्यांजवळ धरून बघत गेला.

"विन्या, ह्या फोटोत एक पण मोटार नाही बे."

"जुनं शहर आहे, नसतील."

"बाया पायघोळ झगे घालून फिरून राहिल्या." त्याने पान उलटलं. "आणि ही मागची जाहिरात वाच. 'आमच्या हॉटेलात आता विजेचे दिवे.' आता! अबे, हे पुस्तक तुझ्या आज्याच्या वेळचं आहे."

शैला तव्यापाशी उभी होती, ती हळूच म्हणाली, "ट्राम दर दहा मिनिटांनी असते ना हो?"

"फोन कर अन् कबूल हो," गजभिये म्हणाला.

"कुठे करू? हॉटेलचं नावसुद्धा मीच पुस्तकातून दिलंय."

यावर तो गडी जमिनीवर बसून हसला. मला हसू येत नव्हतं. टेक्सासचा माणूस तिकडे स्टेशनसमोर बायकोसोबत ट्रामची वाट बघत उभा आहे, हे मला डोळे मिटले तरी दिसायचं आणि उघडले तरी दिसायचं. त्या अकरा दिवसांत शैलाने गपचूप दोन बॅगा माळ्यावरून काढून पुसून ठेवल्या. मी पाहिल्या. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी हॉलिस आला. नऊ वाजता बोलावणं. माझी यादी टेबलावर, प्रत्येक कारणापुढे पेनाने बरोबर नाहीतर फुली. शाळेत गणिताचा पेपर परत मिळाला की असाच दिसायचा माझा.

"बस विन," तो म्हणाला. "आम्ही स्टेशनसमोर चाळीस मिनिटं ट्रामची वाट बघितली. पावसात. मग एका म्हाताऱ्याला विचारलं. तो रिटायर्ड पोस्टमन. म्हणाला, ट्राम बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो."

मी मान खाली घातली.

"मग राजवाडा विचारला. म्हणाला, तो तर केव्हाच पाडला. हॉटेलच्या जागी बँक आहे. आणि गावाच्या मधोमध रोमन लोकांचं गोल मैदान खणून काढलंय, सगळं जग बघायला येतं, त्याचा तुझ्या यादीत पत्ताच नाही." तो पुढे वाकला. "तू कधी चेस्टरला गेलेलाच नाहीस ना?"

"नाही सर." अखेर ती दोन अक्षरं निघाली. फक्त दोन महिने उशिरा. "लायब्ररीतलं पुस्तक होतं. चूक झाली. सॉरी सर."

आणि तो माणूस हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, "अरे, पन्नास वर्षांत त्या म्हाताऱ्याला कोणी ट्राम विचारली नव्हती. इतका खूश झाला की आम्हाला घरी घेऊन गेला. बायकोने जेवू घातलं. ट्राम कुठून जायची तो सगळा रस्ता चालत दाखवला, राजवाड्याची बाग कुठवर होती ते दाखवलं, तटावरून फिरवलं. तट मात्र आहे हं जागच्या जागी, त्याला बरोबर दिलंय. मार्जच्या पणजोबांची कबर त्यानेच शोधून दिली, आसपासच्या चार खेड्यांत हिंडून. ती तिथे गवतात बसून रडली. आमच्या लग्नानंतर इतकी चांगली ट्रिप झाली नाही विन."

मी नुसता "थँक यू सर, थँक यू सर" म्हणत राहिलो.

मग त्याने ट्रेमधून माझे कागद काढले. माझ्यासमोर. पेनाचं टोपण काढलं आणि सही केली, चांगली ऐसपैस, झोकदार. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. मला वाटलं उठावं आणि त्या बुटांना हात लावून नमस्कार करावा. शैलाचे डोळे, त्या दोन बॅगा, सासऱ्यांचा ओटा, सगळं एकदम आठवलं.

"पण विन," तो म्हणाला, "ह्या सहीचा आता तुला कितपत उपयोग होईल मला माहीत नाही."

"का सर?"

त्याने यादी माझ्याकडे सरकवली. दहाव्या कारणापुढे तीन वेळा बरोबर केलेलं होतं. "शेवटचे पाच दिवस मी त्या नदीकाठच्या बाकावर बसलो. दुपारभर. कोणी येऊन माझ्याकडे काही मागितलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी मार्जला म्हणालो, बास झालं. तिकडे एक लहानसं घर बघून ठेवलंय भाड्याने. महिनाअखेर कंपनी बंद करतोय." मग प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे सगळं तुझ्यामुळे."

कंपनी नाही तर मालक नाही, मालक नाही तर ती सही म्हणजे नुसती शाई. अख्ख्या अमेरिकेत एकच माणूस कागदावर लिहून द्यायला तयार होता की विनायक मला हवाच, आणि त्याला मी स्वतः दहा कारणं टाइप करवून देशाबाहेर काढला.

पुढे धावाधाव करून दुसरा मालक गाठला, त्याच्याकडे पहिल्यापासून सगळं, पुन्हा ट्रे, पुन्हा 'नेक्स्ट वीक'. चार वर्षं गेली त्यात. ते सोडा. त्या सोमवारी घरी जाऊन शैलाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दोन कप चहा ओतला आणि म्हणाली, "अहो, तिकडे जायची दहा कारणं लिहिलीत. त्या माणसाला इथे राहायचं एखादं तरी लिहून द्यायचं होतंत."

मी चहा संपेपर्यंत विचार केला हो, अगदी मनापासून. एकसुद्धा सुचलं नाही.