हेडची अदलाबदल

सँडीफोर्डला आमच्याबरोबर लॅक्रॉस खेळणारे एक नागपूरकर इथल्या आयरिश लोकांसारखं प्रत्येक वाक्य 'ग्रँड'वर, म्हणजे 'छान'वर, संपवतात. मी चेंडू सोडला तरी ग्रँडच.

चढाई करणाऱ्याच्या काठीच्या टोकाला चेंडू झेलायचं अरुंद जाळीचं हेड शोभतं, असं वाचून मी तसलंच घेतलं. त्यात चेंडू काही शिरेना. तेव्हा ते जवळ आले. "तुमचं हेड भारी दिसते बाप्पा. माझ्याशी बदलता का? ग्रँड होईल."

त्यांचं हेड परडीएवढं रुंद. चेंडू आपसूक आत. माझ्या निवडीवर जाणकारही भाळतात, हे मी घरी कितीदा ऐकवलं.

परवा एक नवीन बाई अरुंद हेड घेऊन आल्या. नागपूरकरांनी गाडीच्या डिकीतून आणखी एक रुंद हेड काढलं. "तुमचं भारी दिसते बाप्पा."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. ती सुटलेली नव्हती.