आदगोंडा काकांचं उतरणारं वजन

आदगोंडा काका माझे सख्खे चुलते. सांगलीजवळ उसाची शेती. श्रावणात मिरजेला त्यांची कॅन्सरनं धरलेली अर्धी जीभ कापली, दिवाळीला नाकातली नळी निघाली. रोगाचा मागमूस उरला नव्हता. तरी वजन उतरतच होतं.

डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासायचे. "गाठ कुठंच नाही. जेवण दोन वेळा होतं ना?"

"दोनी वेळंला बसत्यात की," आक्काताई काकू सांगायची.

मग किलो जातात कुठं? मी चिडायचो. डॉक्टरवर, काट्यावर, काकांच्या जुन्या तंबाखूवर. रोग आत कुठं तरी दडून बसलाय, ही भीती पोटात होती. काका तर मला उसाच्या पाण्याच्या पाळ्या समजावून देऊ लागले होते.

माघात काकूचंही पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं. माझं डोकंच चालेना. रोग एकाला, मग दोघं कशी वाळतायत?

एके दिवशी साडेपाचला त्यांच्या सोप्यात जाऊन बसलो. काका शेतातून येऊन जेवायला बसले. ताकात कुस्करलेली भाकरी. एक घास, मग मान वाकडी, मग पाण्याचा घोट, मग ठसका. ताट निम्मं असताना दिवस मावळला आणि काकांनी हात धुतला. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. मी मात्र सांगलीत रात्री नऊला भेळ खाणारा, माझ्या कसं लक्षात यावं!

"काकू, तू कवा जेवणार?"

"आता कशाचं? दिवस गेला न्हवं." ती नवऱ्यामागून जेवणारी. तिचं ताट मांडलंच नव्हतं.

"कवापासनं चाललंय हे?"

"नळी काढल्यापासनं."

"आणि डॉक्टरांना सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी रोगाचं इच्यारलं. ह्यो काय रोग हाय व्हय?"

मला रडावं की ओरडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मीच काकांना चारला शेतातून आणलं आणि दोन ताटं मांडली. काकू वाढायला उभीच. काकांनी घासाला हात लावला नाही.

"तूबी बस," ते जड जिभेनं म्हणाले.

"तुमचं हूं दे आदी."

"मग मीबी न्हाई."

काकू बसली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या शेजारी. सवयीनं भराभरा घास कोंबू लागली, तशी काकांनी तिचं मनगट धरलं.

"सावकाश. दिवस हाय अजून."